आपल्या भिंतीची माती

२४ ऑगस्ट १९८६

ही डायरी मला सासऱ्यांनी दिली. काल सौंसरहून पांढुर्ण्याला निघताना केशवराव मास्तरांनी ती माझ्या थैलीत घातली आणि म्हणाले, "जावईबापू, रोज दोन ओळी लिहत जा. आपला दिवस कुठं जाऊन राहिला, ते त समजंल." ते शाळेत मास्तर आहेत. मागच्या बाकावरच्या पोरांना जे सांगतात, तेच मलाही सांगतात. मी नववीत शाळा सोडली हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं, तरी मुलगी दिली. म्हणून लिहून राहिलो.

जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत. ती पाहून बरं वाटलं. इतके महिने तर असेच सुटले.

आजचा दिवस. सकाळी कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर नाव रंगवायला ब्रश-डबे घेऊन निघालो. रस्त्यात दोन माणसं एक खाट उलटी धरून नेत होती आणि खाटेत बकरी बसलेली, पाय बांधलेला, चेहरा पाटलिणीसारखा. कुठं नेतात ते पाहायला मागं गेलो. नदी ओलांडून गेलो. बकरीचा पाय हाडवैद्याने बसवला, ते पाहण्यासारखं होतं. जिनिंगला पोचलो तेव्हा मुनीमजी जेवायला गेले होते. परत आलो.

दिवस इथं गेला, मास्तर.

३० ऑगस्ट

सुधाला सहावा लागला. कोणाच्या बायकोला चिंच लागते, कोणाच्या बायकोला कैरी. हिला माती लागते. भिंतीवर चार थेंब पाणी शिंपडते, डोळे मिटून वास घेते आणि नखानं खपली काढून तोंडात टाकते.

भिंत माझी नाही. भिंत दादाची आहे. मुकुंददादा, स्मिता वहिनी आणि त्यांची तीन पोरं एका खोलीत, आम्ही दुसऱ्या खोलीत, आणि आमच्या खोलीत ज्वारीची कोठी आधीपासून राहते. तिला हलवता येत नाही, आम्हाला येतं.

आज वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, तुमची बायको आमचं घर खाऊन राहिली. अजून चार महिने आहेत. तिले म्हणा, पडवी तरी ठेव."

सगळे हसले. सुधा सगळ्यांत जास्त हसली. मग अंगणात कपडे काढताना मला म्हणाली, "दुसऱ्याच्या भिंती मी किती दिवस खाऊ?"

मी म्हटलं, "पाहू न."

"पाहू नाही. लेकरू घेऊन येईन त आपल्या घरात येईन. एक खोली असली तरी चालंल. नाही त मी सौंसरलेच बरी. बाबाच्या भिंती जाड आहेत."

हसतच बोलली. पण कपड्यांची घडी घालताना माझा सदरा वेगळा ठेवला आणि तिचे वेगळे. असं ती कधी करत नाही.

७ सप्टेंबर

वहिनीने गणपती आणायला पाठवलं. गणपती आणला. पण मध्ये एक गोष्ट झाली.

रेल्वे फाटकाच्या पलीकडे कवेलूच्या छपराच्या एका घरावर कोणीतरी कोळशानं लिहून ठेवलं होतं, 'घर विकने आहे'. अक्षरं अशी की जणू लिहिता लिहिता माणूस विहिरीत पडला. मला असं पाहवत नाही. दार वाजवलं. रघुनाथराव म्हणून एक म्हातारे बाहेर आले, रेल्वेतून रिटायर झालेले, बायको मागच्या वर्षी गेली. मी म्हटलं, "काका, घर राहू द्या, पण हे अक्षर पुसा. मी फुकट लिहून देतो."

लिहायला बसलो. त्यांनी चहा केला. एक खोली पुढं, एक मागं, पडवी, अंगणात तुळस, मातीच्या जाड भिंती. मी निळ्या रंगानं छान मोठा बोर्ड काढला, खाली वेलबुट्टी. रघुनाथराव लांबून पाहून म्हणाले, "वा! आता गिऱ्हाईक येईल."

मला एकदम वाईट वाटलं. गिऱ्हाईक येईल असा बोर्ड मी काऊन काढला?

गणपती पडवीत ठेवलेले होते. तेही बोर्डाकडेच पाहत होते.

११ सप्टेंबर

दादानं माझ्या वाट्याचं वावर विकत घेतो म्हटलं. पैशाचं त्यामुळे जमलं. मी धावतच रघुनाथरावांकडे गेलो. बोर्ड आधी उतरवला आणि मग बोललो.

ते खूश झाले. विचारलं, "घरी कोण कोण?"

"बायको. सहावा महिना चालू आहे."

त्यांनी हात मागं घेतला. "मग आता नाही. पोटात लेकरू असताना नवीन घर घेत नाहीत. बाईनं नवा उंबरा ओलांडायचा नाही. मोकळी झाली की रजिस्ट्री करू."

माझ्या सासूबाईसुद्धा हेच म्हणतात. मागं सहज घराचा विषय काढला तर त्यांनी माझ्या तोंडासमोर हात धरला होता. "तिच्या कानावर घराचं बोलणं घालाल त पाहा."

मी म्हटलं, "काका, तोवर दुसरं कोणी आलं त?"

"आलंच आहे. एक अडत्या मागून राहिला. कापूस भरायला." मग तुळशीकडे वळले. "माझी बायको होती तोवर ह्या तुळशीचा दिवा एक सांज चुकला नाही. दसऱ्याला मी मुलीकडे जाणार, इथंच स्टेशनजवळ. घर अंधारात राहील हे मले सहन होत नाही. तू रोज दिवेलागणीला येऊन दिवा लाव. लेकरू होईपर्यंत लावला, तर घर तुझं. एक सांज चुकली, तर अडत्याचं. मी फिरायला निघतो तेव्हा पाहत जाईन."

मी हो म्हटलं. घराबाहेर आल्यावर समजलं कशाला हो म्हटलं ते. रोज. एकाच वेळी. एकाच जागी. मी तर जेवायलासुद्धा रोज एका जागी बसत नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. पहिला दिवा. वात वळायला बसलो तर ती करंगळीएवढी जाड झाली. दिवा पेटला आणि इंजिनासारखा धूर सोडू लागला. रघुनाथराव सामान बांधून उभे होते. म्हणाले, "लागला. लागला म्हणजे झालं." पण नाक पुसलं.

किल्ली चौकटीच्या वर. काडेपेटी वर आढ्याच्या लाकडावर ठेवली, म्हणजे उंदीर नेणार नाही.

१६ ऑक्टोबर

सुधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. तिच्या बहिणीनं, वंदनानं, येऊन नेलं. बसमध्ये चढताना सुधानं विचारलं, "कुठं फिरून राहिले तुम्ही रोज संध्याकाळी?"

मी म्हटलं, "कामं असतात."

"संध्याकाळी? अंधारात रंगवता?"

वंदना मागून म्हणाली, "भाऊजी नवीन कला शिकून राहिले, ताई. न पाहता रंगवणं."

बस आमच्या जयवंताची. जयवंता म्हणजे माझा लहानपणचा दोस्त, पांढुर्णा-सौंसर गाडीवर कंडक्टर आहे. त्याला मी सगळं सांगितलं आहे. घर, दिवा, किल्ली, सगळं. आज पुन्हा बजावलं, "कोणाले सांगजो नको. सुधाले त मुळीच नाही."

"मी कायले सांगतो बे," जयवंता म्हणाला आणि घंटी मारली.

त्याचं एक बरं आहे. पोटात गोष्ट ठेवतो. सौंसरला गाडी तासभर थांबते आणि मास्तरांचं घर स्टँडच्या मागंच, तिथंच तो चहाला जातो, तरी एक शब्द नाही.

२४ ऑक्टोबर

जयवंतानं सौंसरहून तिळाच्या तेलाची बाटली आणून दिली. सुधानं पाठवली, डोक्याला लावायला. एवढी मोठी बाटली! माझ्या डोक्यावर केस किती, तेल किती. मी दिव्याला वापरून राहिलो. तिला कळलं तर रागावेल, पण ती अजून विचारत नाही केस कसे आहेत.

आज मालगाडीनं जीव घेतला. फाटक बंद, मी अलीकडे, दिवा पलीकडे, सूर्य आपल्या घरी निघालेला. डबे मोजू लागलो आणि डब्यांवरची अक्षरं वाचण्यात रमलो. कोणीतरी काय सुंदर आकडे काढतो! गाडी गेली, फाटक उघडलं, मी तिथंच उभा. मागून सायकलवाला म्हणाला, "भाऊ, तुम्ही फाटक आहे का? सरका न."

धावलो. लावला. रघुनाथराव काठी टेकत समोरून गेले. नाक पुसलं.

३ नोव्हेंबर

दिवाळीला जावई सासरी पाहिजे. मी सकाळी गेलो, अभ्यंग केलं, करंज्या खाल्ल्या आणि दुपारच्या बसनं परत. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "दिवाळीच्या दिवशी जावई रात्रीचं न जेवता जाते? काही चुकलं का आमचं?"

मी म्हटलं, मला रात्रीचं पचत नाही.

मास्तरांनी चष्मा खाली केला. "लिहून राहिले न रोज?"

"हो."

"मग ठीक आहे."

सुधा उंबऱ्यात बसली होती, पोट आता बरंच. तिनं सासूबाईंना म्हटलं, "जाऊ दे न आई. त्याईले काम असंल." म्हटलं, बायको असावी तर अशी. काही न विचारता समजून घेते. निघताना माझ्या हातात एक पुडी दिली. बसमध्ये उघडून पाहिली, कापसाच्या वाती. पांढऱ्या, बारीक, फुलासारख्या. दिवाळीच्या उरलेल्या असतील. बऱ्या वेळी मिळाल्या.

पण त्या मी दिव्याच्या घरीच जपून ठेवल्या. रोजच्या कामाला आपली जाडी वातच बरी.

१५ नोव्हेंबर

संत्र्याच्या पेट्यांवर नावं छापायचं काम जोरात आहे. दिवसभर हात केशरी.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कोणाला सांगायची नाही. दिवा लावून मी लगेच निघत नाही आजकाल. पडवीत बसतो. काही करत नाही. मला काही न करता बसता येतं हे माहीत नव्हतं. आज मागच्या खोलीत पाळण्याची कडी कुठं ठोकता येईल ते पाहिलं. मग भीती वाटली. लेकरानं मोठं होऊन विचारलं, बाबा कुठं आहे, तर सुधा काय सांगेल? बकरीमागं गेला?

रघुनाथरावांची नजर असते म्हणून मी येतो, का आता आपणहून येतो, ते मला समजून नाही राहिलं.

२९ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. काल लिहिण्यासारखी मनाची स्थिती नव्हती.

वरुडला एक लहान सर्कस आली आहे. त्यांच्या मॅनेजरला दरवाजावर सिंह रंगवून पाहिजे होता. मी म्हटलं, दुपारी जाईन, चारपर्यंत परत. स्टँडवर ट्रकमध्ये चढताना जयवंता दिसला. त्याची गाडी सौंसरला निघाली होती. ओरडला, "अबे, दिव्याचं काय?"

"येतो मी तोवर!"

"येत असतो तू! आन् नाही आला त?"

"येतो म्हटलं न बे!"

सिंह काढायला काय लागतं, मी तर डोळे मिटून काढतो. पण मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे खरा आहे, पाहून काढ. आयुष्यात पहिल्यांदा खरा सिंह! आयाळ काढली, डोळे काढले, पंजे काढले. फक्त तोंड राहिलं, कारण सिंह झोपला होता. मी म्हटलं, एकदा तोंड उघडू दे, दात मोजतो आणि जातो. मी पिंजऱ्यासमोर बसलो. सिंह कूस बदले, मी ब्रश उचली. तो पुन्हा झोपे, मी पुन्हा ठेवी. शेवटी त्यानं अशी जांभई दिली की आतपर्यंत दिसलं, आणि मी आनंदानं वर पाहिलं तर आभाळ काळं.

परतीचा ट्रक लवकर मिळेना. सुधानं वेगळा ठेवलेला सदरा डोळ्यांपुढे येत होता. फाटकापासून धावलो ते घरापर्यंत. काय पाहायला धावलो, माहीत नाही. अंधार पाहायला.

तुळशीपाशी दिवा जळत होता.

ओट्यावर रघुनाथराव बसलेले. त्यांची ही वेळ नाही. मी पुढं जाऊन पाय धरले. "काका, तुम्ही लावला?"

"मी कायले लावू? माझं काम पाहायचं."

"मग कोणी लावला?"

"घरच्या माणसानं लावला. घरच्या माणसानं लावला म्हणजे लागला." काठी उचलली आणि हसत गेले. पहिल्यांदाच नाक पुसलं नाही.

घरचा माणूस म्हणजे मीच की. आणि मी तर वरुडला सिंहासमोर.

आज सकाळी उजेडात नीट पाहिलं. अंगण झाडलेलं. पणतीत वात बारीक, फुलासारखी. मी जपून ठेवलेल्या पुडीतली एक कमी. काडेपेटी आढ्यावरून खाली, दाराजवळच्या कोनाड्यात आलेली. आणि दारामागं भिंतीची खपली निघालेली, बसल्यावर हात पोचेल एवढ्या उंचीवर. उंदीरच. एवढं जपून शेवटी आलेच! शिवाय तिथं भिंतीवर पाण्याचे डाग. छप्पर गळते की काय? पण पाऊस तर गेला कधीचा.

म्हातारे खोटं बोलतात. दिवा त्यांनीच लावला. घर मला द्यायचं त्यांच्या मनात आहे, पण कबूल करत नाहीत. कोनाडा सोयीचा आहे, काडेपेटी तिथंच राहू दिली.

सिंहाचं चित्र बाकी एक नंबर झालं.

७ डिसेंबर

सौंसरला जाऊन आलो, दुपारपुरता. दारात पाऊल टाकतो न टाकतो तर वंदना, "भाऊजी, सिंहाले दात किती?"

"तुले कोणी सांगितलं?"

"सिंहानं."

जयवंताच असणार. सिंहाचं सांगितलं तर सांगितलं, दिव्याचं नाही सांगितलं म्हणजे झालं.

जेवताना सासूबाई माझ्याजवळ तक्रार करू लागल्या. "तुमच्या बायकोले समजवा काही. मागल्याच्या मागल्या शुक्रवारी, आठवा भरत आलेला, आन् म्हणे जामसांवलीले दर्शनाले जातो. वंदनाले घेऊन गेली. गाडी चुकली म्हणे. घरी आली त रात्र! माझा जीव टांगणीले."

मास्तरांना एकदम ठसका लागला. वंदना पाणी आणायला म्हणून जी गेली ती आलीच नाही.

मी सुधाला रागावलो. लग्नानंतर पहिल्यांदाच. "या दिवसांत बसचे धक्के खायचे असतात का? मारुती काय पळून जाऊन राहिला होता?"

"चुकलं," सुधा म्हणाली.

इतक्या पटकन ती कधी चुकलं म्हणत नाही. आईपणानं बाई मऊ होते म्हणतात, ते खरं असावं. मला बरंही वाटलं, आणि तिच्यासाठी थोडं वाईटही.

निघताना तिला सांगितलं, "आता घराच्या बाहेर पाय टाकायचा नाही."

म्हणाली, "तुम्ही पण संध्याकाळी घराच्या बाहेर राहू नका."

२० डिसेंबर

दोन दिवसांचं एकत्र लिहितो.

अठराला दुपारी जयवंता बस उभी करून, पॅसेंजर बसवून ठेवून, माझ्याकडे पळत आला. "सुधावहिनीले दवाखान्यात नेलं. चल!"

मी ब्रश टाकला, निघालो आणि थांबलो. दिवा. आता गेलो तर सांजेला कोण? थांबलो तर सुधा? जयवंता ओरडून राहिला, बसमध्ये माणसं ओरडून राहिली. मी फाटकाकडे पळालो. ते उघडं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. घरात शिरलो, मोठी पणती घेतली, सुधाच्या बाटलीतलं उरलेलं सगळं तेल ओतलं, तिच्या पुडीतली चांगली वात घातली आणि ऐन उन्हात तुळशीपाशी दिवा लावला. लागला की नाही तेसुद्धा दिसेना. हात धरून पाहिला, चटका बसला. लागला होता.

वळलो तर रघुनाथराव. छपराचे कवेलू फेरायचं पाहायला मुलीकडून आले होते.

"हे काय रे? भर दुपारी?"

"काका, माझी दिवेलागण आज लवकर झाली."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं समजले. ओट्यावर काठी आडवी ठेवली, स्वतः तुळशीच्या वाऱ्याच्या बाजूला बसले, धोतराचा सोगा पसरून. "जा तू. विझत नाही तो."

मुलगी झाली. पहाटे. मास्तरांनी मला उठवायला हात लावला तेव्हा मी बाकावर बसून झोपलो होतो, आणि हातात ब्रश. तो इथवर कसा आला कोण जाणे.

तिची मूठ एवढी घट्ट आहे! बोट दिलं तर सोडेना. मी संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिलो. कुठंही जावंसं वाटलं नाही. सुधा म्हणाली, "अवो, बसून तरी घ्या."

सासूबाई म्हणाल्या, "आज जेवून जा." जेवलो. पचलं.

२५ जानेवारी १९८७

डायरी डिसेंबरलाच संपली. म्हणून सुरुवातीच्या, जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहून राहिलो. जो कोणी ही उघडेल त्याला आधी आजचा दिवस दिसेल, आणि मग बकरी.

रजिस्ट्री मागच्या आठवड्यात झाली. आज सुधा लेकराला घेऊन सौंसरहून आली, सोबत सगळे. जयवंतानं बस थेट फाटकापर्यंत आणली, पॅसेंजर काही बोलले नाहीत, उलट दोघीतिघी उतरून घर पाहून गेल्या. दारावर मी निळ्या रंगानं पाटी लावली आहे. त्याच वेलबुट्टीची.

मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "सुधा, हे आपलं घर. तुले माहीत नव्हतं. दसऱ्यापासून मी हे लपवून ठेवलं होतं."

"हो का?" सुधा म्हणाली.

"अगबाई!" वंदना म्हणाली, जरा जास्तच जोरात. जयवंता बसचं चाक पाहायला गेला.

सासूबाईंनी डोळे पुसले. "शहाणे हो. लेकरू होईपर्यंत तिले उंबरा नाही दाखवला, हे लय चांगलं केलं." मास्तरांना पुन्हा ठसका.

स्मिता वहिनीनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं आणि सुधाच्या कानात म्हणाली, "घे बाई, आता खा पोटभर." सगळे हसत अंगणात गेले, रघुनाथरावांना चहा द्यायला. आत आम्ही तिघं.

तोवर दिवेलागण झाली. खोलीत अंधार भरला होता. मी म्हटलं, "थांब, काडेपेटी देतो." पण सुधानं लेकरू डाव्या हातावर घेतलं, मान न वळवता उजवा हात दाराजवळच्या कोनाड्यात घातला आणि काडेपेटी काढली.

कोनाडा मी तिला कधी दाखवला नव्हता.

ती तुळशीपाशी जाऊन दिवा लावून आली. वात बारीक. धूर नाही. अंगणातून रघुनाथराव म्हणाले, "हा बघा, असा लागला होता त्या दिवशी." मग कोणीतरी त्यांना पोहे दिले असावेत, कारण पुढं बोलले नाहीत.

मी दाराच्या मागं गेलो. गेल्या महिन्यात सगळ्या भिंती लिंपल्या, फक्त ही खपली राहिली होती, माती संपली म्हणून. खाली बसलो. हात लावून पाहिलं. उंदीर भिंत एवढ्या उंचावर उकरत नाही. उंदराला नखं असतात, पण अशी चार बोटं शेजारी शेजारी नसतात. आणि उंदीर आधी पाणी शिंपडत नाही.

सुधा आत आली. मी म्हटलं, "इथं उंदीर लागला होता."

"मोठा होता का?"

"दोन जिवांचा असंल."

ती खाली माझ्याजवळ बसली. लेकरू माझ्या मांडीवर दिलं. बाहेर सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या की पोरीनं सगळे नेम कसे पाळले. सुधानं बोट ओलं करून त्या खपलीच्या कडेला फिरवलं आणि वास घेतला.

मी हळूच विचारलं, "कशी आहे माती?"

"दादाच्या घराची जरा खारट होती," ती म्हणाली.

उद्या माती येणार आहे. बाकी ओटा, चूल, मागची पडवी सगळं लिंपून घ्यायचं. ही चार बोटं तेवढी तशीच ठेवीन. आणि जामसांवलीच्या मारुतीला एक दिवस तिघांनी जाऊन यायचं आहे, कारण सुधा तिथं गेलेलीच नाही.